कड जाड राहिली

२०११च्या डिसेंबरात पुण्यात आत्यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई; आमच्या मोहोळ तालुक्यातल्या घरी सासूला आत्याच म्हणतात. डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं, महिनाभर गॅससमोर उभं राहायचं नाही, खाली वाकायचं नाही, डोळ्याला वाफ लागू द्यायची नाही. पहिले दोन दिवस त्यांनी माझ्या पोळ्या मुकाट्याने खाल्ल्या. तिसऱ्या दिवशी अर्धं ताट तसंच ठेवून म्हणाल्या, "भाकरी खाल्ल्याबिगर जेवल्यागत वाटंना गं."

लग्नाला दहा वर्षं झाली होती तरी ज्वारीची भाकरी मला येत नव्हती. मी चिपळूणजवळच्या गावची. आमच्याकडे भाकरी म्हणजे तांदळाची. पाण्याला आधण आलं की त्यात पीठ लोटायचं, झाकण ठेवून वाफ आणायची आणि ती उकड गरम आहे तोवर मळून थापायची. नवीन लग्न झाल्यावर मी ज्वारीचं पीठही त्याच रीतीने, त्याच मापाने उकडलं. त्याचा चिकट लगदा झाला आणि बोटांना, परातीला लपेटून बसला. दुसऱ्या खेपेला उकड न काढता नळाच्या पाण्यात मळलं, तर भाकरी उचलताना हातातच तिचे तीन तुकडे झाले. मग कुणी न ठरवता घरात एक व्यवस्था लागून गेली. आत्या पुण्याला आल्या की भाकऱ्या त्या करायच्या, त्या नसल्या की माझ्या पोळ्या. गावाहून येताना त्या कडक भाकऱ्यांची चवड फडक्यात बांधून आणायच्या, ती आम्हाला पंधरा दिवस पुरायची.

त्या दिवशी मी परात घेऊन ओट्याशी उभी राहिले. आत्या काळा चष्मा लावून स्वयंपाकघराच्या दाराबाहेर खुर्चीत बसल्या, वाफ नको म्हणून माझ्याकडे पाठ करून.

"पाणी किती घेऊ?"

"पिठाला लागंल तेवढं."

हे उत्तर मला लहानपणापासून पाठ आहे. माझी आईही हेच म्हणायची. पण आत्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि त्यांनी मला उलटा प्रश्न विचारला. "पीठ कधीचं हाय?"

पीठ दळून आणल्याला तीन आठवडे झाले होते. त्याचा भाकरीशी काही संबंध असेल हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

"मग विरी गेली असंल त्याची. उकळतं पाणी घे. पिठात मधी खड्डा कर, त्यात वत, आन् उलथन्यानं कालव. लगेच हात घालू नगं."

विरी हा शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट ऐकला. ज्वारीच्या पिठात धरून ठेवण्याचा जो गुण असतो तो विरी. गव्हाच्या कणकेत पाणी पडलं की ग्लुटेन तयार होतं आणि त्याच्या जोरावर पोळी ताणली तरी तुटत नाही. ज्वारीत ग्लुटेन नाही. तिच्या पिठाला एकत्र धरायचं तर त्यातल्या स्टार्चलाच थोडं शिजवून चिकट करावं लागतं, म्हणून ते उकळतं पाणी. ताज्या दळणाची भाकरी गार पाण्यातही थापते. पीठ जसजसं जुनं होतं, तसतसं पाणी कडक लागतं. आणखी जुनं झालं की ते खवट, कडू लागतं आणि मग कुठलंच पाणी कामाचं नाही. म्हणून गावाकडे दळण आठवड्यापुरतंच करतात. मी पुण्यात महिन्याचं पाच किलो एकदम आणत होते आणि भाकरी तुटली की दोष माझ्या हाताला देत होते.

त्यानंतरचे तीन आठवडे मी रोज संध्याकाळी भाकरी शिकले, आणि मला शिकवणाऱ्या बाईंनी माझ्या हाताकडे एकदाही पाहिलं नाही.

भाकरी थापताना परातीत खाली कोरडं पीठ भुरभुरायचं, त्यावर गोळा ठेवायचा आणि बोटं जुळवून तळव्याने दाबत जायचं. दाब पडता पडता भाकरी आपोआप फिरली पाहिजे. मुद्दाम फिरवायला गेलं की चिरते. मधोमध थापलं की ती लवकर पातळ होते आणि कड तशीच जाड राहते, मग तव्यावर मध्य करपतो आणि कड कच्ची राहते. हे सगळं डोळ्यांनी बघून कळतं अशी माझी समजूत होती. आत्या पाठमोऱ्या बसून म्हणायच्या, "कड जाड राहिली बघ." मी बोटाने चाचपून बघायची, तर खरंच जाड असायची.

मी विचारलं, कसं कळलं? त्यांना सांगता येईना. "कळतंय की," म्हणाल्या. दोन-तीन दिवसांनी, मी थापत असताना त्यांनी मला थांबवलं. "थांब. परत थाप. आता मधी थाप. आता कडंला." मी थापत गेले आणि त्या ऐकत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "आवाज बदलतोय गं. जाड असली की धप धप वाजती. पातळ झाली की परात बोलती." आणि जरा वेळाने, "मला म्हाईतच न्हवतं मी हे ऐकते म्हणून."

चाळीस वर्षं रोज वीस-वीस भाकऱ्या थापलेली बाई हे म्हणत होती. डोळ्यावर पट्टी आली नसती तर त्यांना स्वतःलाही ते कधी कळलं नसतं. घरात स्वयंपाक कसा शिकतात याचा विचार करायला लागले की मला हेच वाक्य आठवतं. आपल्याला शिकवणारीला ती स्वतः काय जाणते हे बऱ्याचदा ठाऊकच नसतं. तिने लपवून ठेवलेलं काही नसतं. ते तिच्या कानात, नाकात, मनगटात असतं; तोंडापर्यंत यायची वेळच कधी आलेली नसते.

पुढची पायरी तव्याची. भाकरीची पिठाची बाजू वर येईल अशी ती तव्यावर टाकायची आणि लगेच ओल्या हाताने वरून पाणी फिरवायचं. ते पाणी पूर्ण सुकायच्या आत उलटली पाहिजे. उशीर झाला की वर भेगा पडतात, आणि भेगेतून वाफ निसटली की भाकरी फुगत नाही. फुगणं म्हणजे आतल्या वाफेने वरचा पापुद्रा उचलणं. इथेही आत्या कानावरच होत्या. मी पाणी फिरवलं की चर्र व्हायचं, मग तो आवाज बसत जायचा, आणि तो पुरता बसायच्या आधी दारातून हाक यायची, "उलट." शेवटी भाकरी सरळ आचेवर धरली की खमंग वास सुटतो. तो करपट व्हायच्या आधीचा एक क्षण असतो, त्यासाठी त्यांनी नाक किंचित वर केलेलं मला मागून दिसायचं.

पहिल्या दिवशी चारातल्या दोन मोडल्या. आत्यांनी त्या दुधात कुस्करून खाल्ल्या आणि चांगल्या झाल्यात म्हणाल्या. दहाव्या दिवशी एक अशी टम्म फुगली की मी ती तशीच उलथन्यावर घेऊन त्यांच्या हाताजवळ नेली. त्यांनी वरून बोट दाबलं, वाफ निघाली, बोट भाजलं, आणि त्या हसल्या.

आपल्या भाषेत मापं किती आहेत बघा. चिमूट, मूठ, पसा, ओंजळ. नखभर हिंग. सुपारीएवढी चिंच, आवळ्याएवढी चिंच, लिंबाएवढा गूळ. भातावर बोटाचं एक पेर पाणी. आणि वेळेची मापं तर सगळी डोळ्या-नाका-कानाची. मोहरी तडतडेपर्यंत, कांदा गुलाबीसर होईपर्यंत, मसाल्याला तेल सुटेपर्यंत. पाक बघायचा तर दोन बोटांत थेंब घेऊन, एकतारी की दोनतारी. लाडूला वेगळा, वडीला वेगळा. भाजणीच्या पिठात मोहन पुरेसं पडलं का, याची खूण म्हणजे पीठ मुठीत दाबलं की मुटका वळला पाहिजे. कमी पडलं तर चकली कडक, जास्त झालं तर तेलात विरघळते. अनारसा तुपात पसरून फुटला की तो हसला असं म्हणतात. बेसन भाजताना कढईतलं कालथं आधी जड लागतं, मग एका क्षणी एकदम हलकं चालायला लागतं, तिथे गॅस बंद करायचा. हे शेवटचं मला आईने सांगितलं नव्हतं. तिने माझ्या हातात कालथं दिलं होतं आणि दर पाच मिनिटांनी विचारलं होतं, "हलकं झालं का गं?" मला आधी तो प्रश्नच कळला नव्हता. हलकं झालं तेव्हा कळला.

याला आपण अंदाज म्हणतो, आणि 'अंदाजे' या शब्दाला व्यवहारात ढोबळपणाचा वास येतो. मला तो अन्याय वाटतो. गणपतीत मोदकाची उकड काढताना आई मुठीत पीठ घेऊन चोळून बघायची आणि मग पाणी ठरवायची, कारण नव्या तांदळाला पाणी कमी लागतं, जुन्याला जास्त. पिठाला पीठ पाणी हे माप सगळ्यांना माहीत असतं. ते त्या दिवशीच्या पिठाला लावायचं की दोन चमचे कमी करायचे, हा अंदाज. मापापेक्षा तो जास्त काटेकोर आहे, कारण समोरचा तांदूळ कुठल्या सुगीचा आहे हे त्यात धरलेलं असतं.

तरीही पुस्तकांनी किती जणींना तारलं हे मी कधी विसरणार नाही. कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' १९७० साली आलं, आणि त्याचं मोठेपण असं की त्यात माप वाटी-चमच्याचं आहे, म्हणजे प्रत्येक घरात असलेलं. माझ्या आईने लग्नात मला जे सामान दिलं त्यात ते होतं. पुण्याच्या दोन खोल्यांत, शेजारी कुणी ओळखीचं नसताना, रात्री आठ वाजता मी त्यात बघून साबुदाण्याच्या वड्यांपासून काकडीच्या कोशिंबिरीपर्यंत सगळं केलं. पुस्तक रागावत नाही. पुस्तक म्हणत नाही, "एवढंही येत नाही?"

हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण घरातल्या शिकण्याबद्दल आपण फार गोड बोलतो. आमच्या घरी माझ्या शिकण्याला सुरुवात झाली ती तांदूळ निवडण्यापासून. मग शेंगा सोलणं, विळीवर खोबरं खवणं, कढी फुटू नये म्हणून ढवळत राहणं. फोडणी बऱ्याच वर्षांनी. अशा चढत्या क्रमाने कामं मिळत जाणं ही उत्तम शाळा आहे, यात शंका नाही. पण त्या शाळेत फक्त मला घातलं होतं. माझा भाऊ माझ्याहून दीड वर्षाने मोठा, त्याला पाटावर बसून ताट वाढायची वाट बघायला शिकवलं. आणि माझं वरण पातळ झालं की ऐकू यायचं, सासरी काय करशील. किती मुलींचे हात या एका वाक्याने आखडले असतील. भीतीने शिकलेला हात चूक लपवायला आधी शिकतो, आणि चूक लपवली की विरी गेली आहे का, पाणी कमी पडलं का, हे विचारायची सोयच राहत नाही. मी ज्वारीची भाकरी दहा वर्षं सोडून दिली होती ती यामुळेच. दोनदा मोडली आणि मला वाटलं, आता कुणाला दिसायला नको.

आत्यांचं शिकणं याहून अवघड होतं. त्या १९७१ साली लग्न होऊन आल्या आणि दुसऱ्या वर्षी दुष्काळ पडला. दिवसा त्या नि त्यांच्या सासूबाई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायच्या. आमच्या भागाची ज्वारी म्हणजे मालदांडी, जिची पांढरीशुभ्र, गोडसर भाकरी होते, ती त्या वर्षी पिकलीच नाही. रेशनवर अमेरिकेतून आलेली तांबडी मिलो ज्वारी मिळायची. ती दळून आणली आणि भाकरी थापायला घेतली तर थापेना. नव्या सुनेला वाटलं आपल्यालाच येत नाही. मग सासूबाई बसल्या काठवटीपाशी. त्यांनाही येईना. पन्नाशीच्या बाई, जन्म भाकऱ्या थापण्यात गेलेला, आणि उंडा हातात फुटत होता. दोघींनी पाणी आणखी कडक करून बघितलं, भाकरी लहान थापून बघितली, तरी होईना म्हणून एक दिवस नुसत्या कण्या भरडून शिजवल्या. "सासूला बी येईना, मला बी येईना," आत्या सांगत होत्या. "मग दोघी बरोबरच शिकलो. त्या वक्ताला पहिल्यांदा त्या माझ्याशी नीट बोलल्या." त्या मिलोची भाकरी शेवटी कशी जमली हे मात्र त्यांना आठवत नव्हतं. जमली एवढंच आठवत होतं.

आता माझा मुलगा जर्मनीत, माग्डेबुर्गला शिकतो. त्याला मी लहानपणापासून ओट्याशी उभं केलं होतं. पोळ्या, भात, आमट्या त्याला येतात. गेल्या वर्षीच्या हिवाळ्यात त्याने विचारलं, "आई, भाकरीचं प्रमाण सांग." मी सांगणार तेवढ्यात माझ्या तोंडातून निघालं, पिठाला लागेल तेवढं पाणी. मग थांबले. त्या रविवारी मोजून केलं आणि लिहून पाठवलं: एक वाटी पीठ, पाऊण वाटी उकळतं पाणी, चवीला मीठ, झाकून दहा मिनिटं, मग गार पाण्याच्या हाताने भरपूर मळणे.

त्याच्या भाकऱ्या मोडल्या. मी विचारलं, पीठ कधीचं आहे? त्याने पाकिटाचा फोटो पाठवला. पाच महिन्यांपूर्वी पॅक झालेलं होतं. इतकं जुनं पीठ परातीत नुसतं पाणी ओतून ऐकणार नाही, म्हणून त्याला मी माझ्या माहेरची तांदळाची रीत सांगितली. गंजात पाणी उकळायचं, पीठ त्यातच घालायचं, वाफ आणायची. पाणी मात्र तांदळापेक्षा बेताने. पंचवीस वर्षांपूर्वी माझी जी चूक झाली होती, तीच थोडी दुरुस्त करून त्याच्या उपयोगी पडली. त्याच्याकडे आच नाही, काचेची विजेची शेगडी आहे. म्हणून भाकरी तव्यावरच फडक्याने दाबून फुगवायची. हे मी गॅस न वापरता स्वतः करून बघितलं, मग सांगितलं.

भाकऱ्या मोडायच्या थांबल्या, पण कड कच्ची राहते म्हणाला. मी म्हटलं, फोन परातीजवळ ठेव आणि थाप, मी ऐकते. तो थापत होता, मला चित्र दिसत होतं, आणि ऐकू काहीच येत नव्हतं. त्याचं बोलणं स्वच्छ यायचं आणि तो थापायला लागला की शांतता. दोन-तीनदा करून बघितलं. मग त्यालाच सुचलं, व्हिडिओ कॉलमध्ये माणसाचा आवाज सोडून बाकीचे आवाज गोंगाट समजून गाळले जातात. आदळण्या-आपटण्याचे तर आधी. मला त्या क्षणी फार वाईट वाटलं. जे ऐकायचं होतं तेच गाळलं जात होतं.

दुसऱ्या दिवशी त्याने साध्या रेकॉर्डरवर चाळीस सेकंदांचा आवाज घेऊन पाठवला. मी बसमध्ये होते. कानाला हेडफोन लावून डोळे मिटले. धप, धप, धप, आणि मध्ये कुठेतरी परात बोलायला लागते, आणि तो थांबतो, लवकर थांबतो. मी त्याला लिहिलं, तू मधोमध थापतो आहेस, तिथे पातळ झाली की तुला वाटतं झाली. शेवटचे दहा-बारा हात फक्त कडेला दे. आणि तेच रेकॉर्डिंग गावाला पुतण्याच्या फोनवर पाठवलं, आत्यांना ऐकव म्हणून.

संध्याकाळी पुतण्याच्या फोनवरून आत्यांचा आवाज आला. मागे शेळी ओरडत होती.

"कड जाड हाय, ते हाय. पर परात हलायलीय की त्याची, तुला ऐकू येईना व्हय? टेकाय न्हाई ती नीट. वल्लं फडकं घाल म्हणावं परातीखाली."